दाब, धर, सोड

आमच्या अण्णांसमोर "क्लच गेला" असं म्हणायची सोय नाही. कुणी म्हटलंच, तर ते चष्मा कपाळावर चढवतात आणि अगदी शांतपणे विचारतात, "गेला? कुठं गेला?" आपण कसनुसं हसतो. ते हसत नाहीत. त्यांना खरोखरच पत्ता हवा असतो. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या वाटेवर क्लचला जाता येईल अशा डझनभर जागा त्यांना पाठ आहेत, आणि त्यांतली नेमकी कुठली हे कळल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, अशी त्यांची शपथ आहे. "गाडी काय करते तेवढं तू सांग. गाडीला काय झालंय ते मी बघतो."

असे एक अण्णा प्रत्येक सोसायटीत असतात. कुठं ते मिक्सरवाले असतात, कुठं पाण्याच्या पंपाचे, कुठं नुसतेच कुलपांचे. आमचे गाड्यांचे. पिंपरी-चिंचवडकडे ही माणसं जरा जास्तच आढळतात. कारखान्यांनी त्यांना वेळच्या वेळी निवृत्त केलं, त्यांच्या हातांना मात्र ते पत्र मिळालेलं नाही. आमचे अण्णा टेल्कोच्या टूलरूममधले. कंपनीचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं ही बातमी त्यांच्या कानावर आलेली आहे. त्यांनी ती मंजूर केलेली नाही.

रविवारी सकाळचा चहा झाला की ते पार्किंगमध्ये उतरतात. खाली खाकी अर्धी पँट, म्हणजे कारखान्याच्या गणवेशातली पूर्ण पँट गुडघ्यापासून कापलेली. वर बाह्यांचं बनियन. त्याचा मूळ रंग आता फक्त काकूंना आठवतो. खिशात सहा इंची पोलादी पट्टी, खडू आणि वेस्ट कॉटनचा बोळा. हातात उजेडाची बॅटरी, पण ती जिना उतरेपर्यंतच. खाली आल्यावर ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते. बॅटरी धरणारा माणूस हा त्यांच्या दुरुस्तीतला सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग, आणि सगळ्यात हलक्या दर्जाचा. "अरे, उजेड बोल्टवर मार, माझ्या टकलावर काय मारतोस!" हे मी इतक्यांदा ऐकलंय, की घरी देवघरात निरांजन धरतानाही हात सावरून धरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या डिझेल गाडीनं रिव्हर्स टाकताना दात खायला सुरुवात केली. कर्रर्र असा आवाज यायचा, की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. एका गॅरेजवाल्यानं फोनवरच निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट नवा टाकायचा. गाडी न बघता सांगितलं म्हटल्यावर अण्णांच्या कपाळावरची शीर उठली. "न बघता पत्रिका सांगतात रे. बिघाड नाय सांगत." आणि चौकशी सुरू झाली.

"सकाळी का दिवसभर?"

"सकाळी जास्त."

"पेडल दोन-तीनदा मारलं की पडतो?"

"हो, मग पडतो."

"उचलते कुठं? वर का खाली?"

"अगदी खाली. पाय जरा उचलला की लगेच."

"चढाला इंजिन बोंबलतं आणि गाडी मागं राहते, असं काही?"

"नाही."

"वास?"

"कसला वास?"

"मग नाय आला. आला असता तर विचारलं नसतंस. हं."

अण्णांचे 'हं' तीन. छोटा हं म्हणजे तुझं ऐकलं. लांबट हं म्हणजे ऐकलं, पण पटलं नाही. आणि नाकातून येणारा हं म्हणजे आता जेवायला घरी जायची घाई करू नकोस. हा तिसरा होता.

क्लच दोन उलट तऱ्हांनी छळतो. एक तर धरत नाही, नाहीतर सोडत नाही. धरत नसेल तर पेडलवरून पाय काढला तरी प्लेट घसरत राहते. चढावर नुसता आवाज वाढतो, गाडी रेंगाळते आणि तो जळका वास येतो. सोडत नसेल तर पेडल तळाला नेलं तरी प्लेट फ्लायव्हीलबरोबर थोडी थोडी फिरतच राहते आणि गिअर पडायला कुरकुरतो. त्यातही पहिली बोंब रिव्हर्सची. पुढच्या गिअरना आपसांतले वेग जुळवून घ्यायला सिंक्रोनायझर असतात. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला ती सवलत नसते. त्या बिचाऱ्याला सगळं थेट दातांवर घ्यावं लागतं.

तरी अण्णांनी प्लेटची खात्री करून घेतलीच. हँडब्रेक घट्ट ओढायला लावला, चौथा टाकायला लावला, थोडी रेस देऊन क्लच सोडायला लावला. गाडी गचका खाऊन जागच्या जागी बंद पडली. "बघ. धरतीय की! घसरत असती तर इंजिन चालू राहिलं असतं. त्यो गॅरेजवाला जिचं बारावं घालायला निघालाय, ती ठणठणीत आहे." मग बोट वर करून, "ही परीक्षा एकदाच घ्यायची. रोज घेतलीस तर नापास होईल."

"आता मॅट काढ."

हे ते प्रत्येक गाडीला म्हणतात, आणि त्यामागं इतिहास आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांची गाडी अशीच गिअरला अडायची. दोन गॅरेजं झाली, नातेवाइकांत चर्चा झाली, क्लच सेटसाठी पैसे बाजूला काढून झाले. अण्णांनी ड्रायव्हरच्या पायाखाली बॅटरी मारली. तळाला कंपनीचं रबरी मॅट, त्यावर मखमली मॅट, त्यावर प्रदर्शनातून आणलेलं फेसाळ जाड मॅट, आणि चिखल नको म्हणून वर रविवारच्या पुरवणीसकट वर्तमानपत्र. पेडल तळाला पोचायच्या आतच पुरवणीवर टेकायचं. अण्णांनी चारही थर ओढून बाहेर टाकले आणि गिअर निमूट पडला. आता त्या गृहस्थांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांचा चेहरा उतरला. एवढ्या गाजलेल्या आजाराला वर्तमानपत्र काढणं हे औषध निघावं, याचा त्यांना अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन विचारून आले, की नुसतं मॅट काढून चालेल ना? हे अण्णांना कळलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये ते गृहस्थ आत असले तर अण्णा जिन्यानं जातात.

माझं मॅट एकच होतं. ते काढून काही फरक पडला नाही, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. फुकटात सुटलेला बिघाड त्यांना मनापासून आवडत नाही. तपास मात्र फुकटापासूनच सुरू करायचा आणि पायरी पायरीनं महागाकडे जायचं, हा त्यांचा क्रम. बाजारातले मेकॅनिक नेमके उलटे चालतात असं त्यांचं मत आहे, आणि अशांना ते 'पार्ट-बदलू' म्हणतात. ही त्यांच्या कोशातली सगळ्यात घाण शिवी.

मारुती ८०० च्या काळात हे सोपं होतं, असं ते सांगतात. क्लचला केबल होती. ताणली तर दिसायची, तुटली तर तुटली. हायड्रॉलिकमध्ये सगळा कारभार झाकलेला. पेडल दाबलं की वरच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते नळीतून खाली स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. तिथला दट्ट्या एका दांडीला रेटतो, दांडी फाट्याला, फाटा रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पोलादी बोटांवर दाबून प्लेटला मोकळं करतं. एवढ्या उतरंडीत कुणी एकानं कामचुकारपणा केला, की शेवटी बोंब रिव्हर्सच्या नावानं.

पास्कलविषयी अण्णांना घरच्या माणसाइतका जिव्हाळा आहे. "एकोणचाळिसाव्या वर्षी गेला रे," असं ते म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, टेल्कोतच होता की काय! सोसायटीतल्या मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात दोन सिरिंज आणि सलाईनच्या नळीवर चालणारा पुठ्ठ्याचा जेसीबी जातो, तो दरवर्षी अण्णांच्या हातचा. एका सिरिंजमध्ये पाणी भरून ते मुलांना दाबायला लावतात, आणि मग मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडून पुन्हा दाबायला लावतात. "आता बघ. पाणी दबत नाय, हवा दबती. तुझं निम्मं बळ बुडबुडा दाबण्यातच गेलं." यासाठी औषधाच्या दुकानात ते सुईविना साठ मिलीची सिरिंज मागतात. नवीन पोरगा काउंटरला असला तर विचारतो, "पेशंटला काय झालंय?" अण्णा गंभीरपणे सांगतात, "क्लच."

तर मॅटनंतर तेल. पातळी जरा खाली होती आणि रंग कोऱ्या चहाचा. ताजं ब्रेक ऑइल फिकट पिवळं असतं. काळं पडलं म्हणजे आत रबर झिजतंय, पाणी शिरतंय. हे तेल हवेतलं पाणी पितं. ताजं असताना निदान २३० अंशांना उकळणारं डॉट-फोर पुरेसं पाणी प्यालं की १५५ अंशांवर येऊ शकतं. हे आकडे अण्णा लग्नाच्या पंगतीतही सांगतात, सहसा मठ्ठा वाढला जात असताना.

मग ते पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेले. रबरी होज दोन बोटांत धरला, मला पेडल दाबायला लावलं. होज फुगला नाही. पातळी खाली आहे म्हणजे तेल कुठंतरी जातंय, या हिशेबानं खालच्या सिलिंडरचं रबरी बूट नखानं उचकटलं, तर आतून काळा थेंब टपकला, थेट कपाळावर. "सापडला!" आतून आवाज आला. "एक सापडला." त्या 'एक'वर जरा जोर होता. तो माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवा होता, असं कुणी म्हणेल. पण माझं सगळं लक्ष बॅटरी सरळ धरण्यात होतं.

सिलिंडर उतरला, उघडला. आतल्या भिंतीवरून अण्णांनी करंगळीचं नख फिरवलं. नख कुठं अडलं असतं तर भिंतीला गंजाचे खड्डे पडलेत असं समजून सिलिंडरच बदलायचा. अडलं नाही, म्हणजे नुसतं रबराचं किट पुरे. एवढ्यात वॉचमननं मदतीच्या हेतूनं रॉकेलची बाटली पुढं केली आणि पार्किंगमध्ये शांतता भंग झाली. "रॉकेल? ह्याला?" ब्रेक ऑइलसाठी घडवलेलं रबर रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल यांच्यात फुगतं आणि सिलिंडरमध्ये चिकटून बसतं. हे न मानणाऱ्या एका ड्रायव्हरसाठी अण्णांनी पूर्वी एक जुनं वॉशर रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घातलं होतं आणि सकाळी फुगलेलं वॉशर सगळ्या मजल्यांवर दाखवत फिरले होते. प्रयोग यशस्वी झाला. वाटी काकूंच्या लग्नातली होती. तो विषय त्या घरात अजून मिटलेला नाही.

नवीन रबरं ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवली, सिलिंडर चढवला. आता आत हवा शिरलेली, ती काढायची. अण्णांनी वर गॅलरीकडे बघून हाक मारली, "अगं, येतेस का? एअर काढायचीय."

आणि काकू आल्या. हातात मेथीची जुडी, ताट आणि एक उशी. ड्रायव्हरच्या सीटवर उशी ठेवून, ताट शेजारच्या सीटवर ठेवून, साडी चापून त्या बसल्या. काकूंकडे लायसन्स नाही. गाडी त्यांनी आयुष्यात कधी चालवली नाही. पण क्लचचं पेडल त्यांनी जितक्या गाड्यांचं दाबलंय, तितक्या गाड्यांत मी बसलोही नसेन. खाली अण्णा निप्पलला रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावून, नळीचं टोक तेल घातलेल्या काचेच्या बरणीत बुडवून तयार. मग तो संवाद सुरू होतो, जो या दांपत्यात बहुधा इतर कुठल्याही संवादापेक्षा जास्त झालेला आहे.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

निप्पल अर्धा आटा सैल होतो, नळीतून तेल आणि बुडबुडे धावतात, निप्पल पुन्हा आवळला जातो.

"सोड."

"सोडलं."

यात कवडीची कल्पकता चालत नाही. 'सोड' म्हणायच्या आत पेडल सुटलं, तर उघड्या निप्पलमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं. काकू या बाबतीत विश्वासाच्या. पण त्या दिवशी मध्येच मुलीचा फोन आला. एका हातानं मेथी, खांद्यावर फोन, पाय पेडलवर. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय... नाही गं, तुझ्या बाबांना सांगतेय. तू बोल." पलीकडून नव्या भाडेकरूची तक्रार चालली होती. काकू ऐकता ऐकता तापल्या आणि म्हणाल्या, "अगं मग दे सोडून!" तोंडाबरोबर पायही सुटला. बरणीतलं तेल नळीतून गुडगुडत उलटं गेलं. गाडीखालून काही क्षण काहीच आलं नाही. मग अण्णांचा अतिशय सभ्य आवाज आला, "कुणाला सोडायला सांगितलंस?"

काकूंच्या या पायाची ख्याती सोसायटीबाहेरही आहे. अण्णांना रस्त्यात उघडं बॉनेट दिसलं की पुढं जाता येत नाही. कराडला भाचीच्या लग्नाला निघाले असताना शिरवळच्या अलीकडे एक टेम्पो कडेला दिसला. पेडल तळाला जाऊन पडलं होतं, वर यायचं नावच घेईना. अण्णांच्या डिकीत ब्रेक ऑइलचा डबा असतोच. पुढचं दृश्य प्रत्यक्ष पाहणारे आमच्यातलेच एक जण आहेत: हायवेच्या कडेला, अनोळखी टेम्पोच्या ड्रायव्हर सीटवर पैठणीतल्या, गजरा माळलेल्या काकू, आणि खालून आवाज, "दाब." टेम्पो गॅरेजपर्यंत पोचण्याइतका बरा झाला. अण्णा-काकू पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि शेवटची पंगत उठत होती. तिथं उशिराचं कारण विचारल्यावर काकूंनी एवढंच सांगितलं, "एअर काढत होतो." माहेरच्या कुणाला पुढं काही विचारायची गरज वाटली नाही.

आमच्या गाडीत शेवटी बुडबुडे थांबले, नळीत निखळ पिवळं तेल आलं, पेडल टणक झालं. आता दोन-तीनदा मारायची गरज उरली नाही. चहा आला. मी रिव्हर्स टाकला. पूर्वीचा कर्रर्र नव्हता, पण एक बारीक कुर्र होताच, आणि क्लच अजूनही खालीच उचलत होता. बॅटरी धरणाऱ्या माणसाला या क्षणी रडू येतं. अण्णांच्या नाकातून हं आला.

"अहो," काकू मेथीचं ताट उचलत म्हणाल्या, "मी मघाशी बसले तेव्हाच म्हटलं होतं. पायाखाली आधी नुसतंच टक् होतं, रिकामं जातं, आणि मग दाब लागतो."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"ते यादीत खाली आहे. क्रमानं आलं पाहिजे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांच्या संसाराचा बराचसा इतिहास होता.

वॉचमननं सोपा उपाय सुचवला: मास्टर सिलिंडरची दांडी जरा लांब करा, क्लच वर उचलेल. हा उपाय बऱ्याच ड्रायव्हरांना माहीत असतो, आणि अण्णांना त्याचीच भीती वाटते. दांडी आणि दट्ट्या यांच्यात किंचित मोकळीक ठेवावीच लागते. ती संपवली, तर दट्ट्या पूर्ण मागं येत नाही, तेलाला टाकीत परतायचं बारीक भोक झाकलेलं राहतं. मग गाडी तापली की फुगलेल्या तेलाला जायला वाट नाही, आणि पाय न लावताच क्लच थोडा दाबलेला राहतो. सोडत नसलेला क्लच आता धरेनासा होतो. असं करून एक जण अण्णांच्या डोळ्यांदेखत महाबळेश्वरला निघाला होता. खंबाटकी घाटात त्याच्या प्लेटचा वास मागच्या तीन गाड्यांना आला. अण्णा दुसऱ्या गाडीत होते. पुढच्या वळणापर्यंत त्यांनी खिडकीची काच वर केली नाही. त्या वासावरून प्लेट किती उरली असेल याचा अंदाज बांधत होते.

यानंतर साठीपुढचा माणूस जाईल यावर विश्वास बसणार नाही अशा रीतीनं ते ड्रायव्हरच्या पायाखालच्या जागेत उताणे शिरले. पाय मागच्या सीटवर, डोकं पेडलच्या मागं. आतून ठणठण, मग एक दीर्घ सुस्कारा, आणि हात बाहेर आला. तळहातावर बोटाच्या पेराएवढी पिन होती. पेडल आणि दांडी हिनं जोडलेली असतात. मूळची आठ मिलिमीटरची. एका बाजूनं खाऊन खाऊन व्हर्निअरवर सात पॉइंट तीन भरली. तिचं भोकही गोलाचं लांबट झालं होतं. अण्णांनी फरशीवर खडूनं गणित मांडलं: पिनचा नि भोकाचा मिळून दीड मिलिमीटर ढिलेपणा, पेडलचा दांडा सहाला एक, म्हणजे पायाखालचे नऊ मिलिमीटर नुसते हवेत. "काकूंचा टक् तो हा," ते म्हणाले आणि त्या गणिताखाली दोन रेघा मारल्या. ते गणित अजून माझ्या पार्किंगच्या जागेत आहे. झाडूवालीला त्यांनी सांगून ठेवलंय.

नवी पिन आणायला नाना पेठेत जायचं ते नमुना घेऊनच. पिन वर्तमानपत्राच्या चतकोरात गुंडाळून शर्टाच्या खिशात, वर हात ठेवून. दुकानदार अण्णांना ओळखतो, त्यामुळं तो आधी चहा सांगतो आणि मग कपाळाला हात लावतो. काउंटरवर दहा-बारा पिना मांडून प्रत्येकीला व्हर्निअर लावून झाला. मागं गिऱ्हाइकं ताटकळलेली. एकानं हळूच विचारलं, "काका, केवढ्याची असते ही पिन?" अण्णांनी किंमत सांगितली, तेव्हा त्या माणसानं आमच्या दोघांकडे, मग बाहेर लावलेल्या गाडीकडे आणि मग पुन्हा आमच्याकडे पाहिलं. चिंचवडहून येण्याजाण्याचं डिझेल पिनेच्या कितीतरी पट झालं असणार. हा हिशेब मात्र अण्णा खडूनं मांडत नाहीत.

भोकात बुश ठोकून नवी पिन बसली, मोकळीक पट्टीनं मोजून ठेवली, आणि रिव्हर्स असा पडला की आवाज आलाच नाही, म्हणून मी खरंच पडला का हे बघायला गाडी थोडी मागं घेतली. अण्णांनी टाळ्याबिळ्या काही वाजवल्या नाहीत. खिशातून डायरी काढली. कुठल्यातरी सहकारी बँकेची, कितीतरी वर्षांपूर्वीची. त्यात गाडीचा नंबर, लक्षण, कारण, उपाय असे चार रकाने आहेत. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'स्लेव्ह कप गळका. पेडल पिन झिज.' मग जरा थांबून कंसात: 'सौ.'

पैशाचं विचारलं तर रागावतात. जुनी पिन मात्र मागून घेतात. ती आता त्यांच्या बिस्किटांच्या डब्यात, इतर झिजलेल्या पिना, फुगलेलं ते वॉशर आणि चिरलेली रबरी बुटं यांच्या सोबतीला, चिठ्ठी चिकटवून ठेवलेली आहे. पाहुण्यांना त्यांच्या घरी अल्बम दाखवत नाहीत, हा डबा दाखवतात.

अण्णांना गाडीत शेजारी बसवून कुठं न्यायचं, हा मात्र शिक्षेचा भाग आहे. ते रस्त्याकडे बघत नाहीत, तुमच्या डाव्या पायाकडे बघतात. सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलात, की "पाय." चालत्या गाडीत पेडलवर नुसता टेकवलात तरी, "पाय." एकदा कॅबवाल्याला त्यांनी निगडीपासून स्वारगेटपर्यंत एवढ्यांदा 'पाय' म्हटलं, की उतरताना तो खरंच वाकून पाया पडला.

त्यांच्या मुलानं बंगळूरला ऑटोमॅटिक गाडी घेतली. व्हिडिओ कॉलवर दाखवली. अण्णांनी दोनच पेडलं बघितली, लांबट हं केला आणि फोन काकूंकडे दिला. काकूंनी मात्र तीन-तीनदा विचारून खात्री करून घेतली, की हिच्यात एअर काढायला कुणाला बसावं लागत नाही ना. मग म्हणाल्या, "फार चांगली गाडी घेतलीस रे बाळा."

माझी गाडी आता तक्रार करत नाही. मागच्या रविवारी मी पिशवी घेऊन भाजीला निघालो होतो. अण्णा पार्किंगमध्ये उभे होते, माझ्या पुढच्या चाकाकडे मान कलती करून बघत.

"क्लचचं तेल नवं झालं," ते म्हणाले. "ब्रेकचं कधी बदललं होतंस?"

मी आठवायला लागलो. नाकातून हं आला. त्यांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि वर गॅलरीकडे मान केली. हाक मारायला तोंड उघडणार, एवढ्यात वरून आधीच आवाज आला.

"चारी चाकांचं असेल तर जेवण झाल्यावर येईन!"